तेंगो, तिएनेस, तिएने

आमची आत्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्री करते. वाफेची मोठी इस्त्री, पायाने दाबायची, दाबली की फुस्स करणारी. इतकी वर्षं त्या वाफेत उभी राहून तिचा चेहरा कायम आत्ताच धुतल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकाचं नाव तिला कधी आठवत नाही, पण कपडा ती जन्मात विसरत नाही. 'शाईचा डाग' म्हणजे बँकेचा मॅनेजर. 'फाटकं अस्तर' म्हणजे वकील. रस्त्यात मॅनेजर भेटला आणि हसला, तर ही आधी त्याच्या खिशाकडे बघते आणि मग हसते.

अशी बाई या वयात स्पॅनिश शिकायला बसली, ती काही हौस म्हणून नाही. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, तिकडे, स्पॅनिश बोलतात त्या देशात, हॉस्पिटलात नर्स आहे. तिला जुळी झाली, आणि पोरं पालथी पडायला लागायच्या आतच त्यांचा बाप उठून चालता झाला. ताई ड्युटीवर असते तेव्हा शेजारची म्हातारी पोरांना बघते. पण ती म्हातारी या महिन्याच्या शेवटी आपल्या मुलाकडे कायमची राहायला जाणार आहे, आणि तिच्यानंतर कोणी नाही. नोकरी सोडली तर ताईचा तिथे राहायचा परवाना जातो, आणि नाही सोडली तर पोरांना घरात कोंडून जावं लागतं. आत्याला तिकडे राहायचे कागद मिळतील, पण तोंडी परीक्षा पास झाली तर. एकदा ती क्लास न लावताच बसली आणि नापास झाली. या खेपेलाही झाली तर वर्षभर पुन्हा बसता येत नाही.

क्लासच्या बाई 'र' म्हणाल्या की टेबलावर ठेवलेला मोबाइल थरथरतो आहे असं वाटतं, म्हणून घरात त्यांचं नाव थरथरबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एक क्रियापद पक्कं करा, अर्धी भाषा आली समजा. तेनेर्रर्र. म्हणजे जवळ असणं."

"म्हणजे पैसे?" आत्याने विचारलं.

"पैसेही."

"आणि मुलगी?"

"मुलगीही. भूक, थंडी, भीती, झोप, सगळ्याला तेच. वयसुद्धा."

"वयपण जवळ बाळगायचं? मग माझ्याकडे पुष्कळ आहे."

थरथरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे क्रियापद सरळ चालीचं नाही. मी म्हटलं की तेंगो, तू म्हटलं की तिएनेस, तो म्हटलं की तिएने. कालवर गेलं की तेच तुवे होतं. उद्यावर गेलं की तेंद्रे.

"आमच्या जावयासारखंच आहे म्हणा की. आज एक, उद्या भलतंच," आत्या म्हणाली आणि फळ्याकडे बघत बसली.

घरी पाठांतर होईना. वही उघडली की हिला झोप यायची. मग तिने स्वतःची युक्ती काढली. दुकानात छताला एक साखळी आहे, तिच्यावर तयार कपडे टांगलेले असतात. बटण दाबलं की सगळी रांग घरघरत पुढे सरकते. मोटार एकाच बाजूला फिरते. हवा तो कोट एकदा पुढे गेला की तो परत यायला अख्खी फेरी बघावी लागते. आत्याने चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकेका कपड्याला एकेक टाचली. शाईचा डाग, तेंगो. लांब बाह्यांचा झगा, तिएनेस. असं करत करत सगळे काळ. इस्त्री फुस्स करायची आणि ही म्हणायची, तुवे, तुविस्ते, तुवो. साखळी फिरायची आणि क्रियापद फिरायचं. आठ दिवसांत तिला ते सगळं घडाघडा यायला लागलं. आम्हालाही. बाबा दाढी करताना तुविमोस म्हणायला लागले.

मालक प्रत्येक वाक्याला 'काय समजलात' लावतो. तो म्हणाला, "बाई, हे दुकान आहे, शाळा नाही, काय समजलात."

"गिऱ्हाइकाला काय कळतंय त्यातलं?"

दुसऱ्याच दिवशी एक बाई कोट घेऊन परत आल्या. "याला तुविस्तेइस अशी चिठ्ठी आहे. हे कुठलं औषध मारलंय? लहान मुलं आहेत आमच्या घरात."

"ते कपड्याला चांगलं असतं," मालक म्हणाला. त्या गेल्यावर तो आत्याकडे वळला. "बाई, उद्यापासून चिठ्ठ्या बंद, काय समजलात."

चिठ्ठ्यांचं एवढं काही नव्हतं. खरी गोची वेगळीच होती, आणि ती कळली तेव्हा परीक्षा दोन दिवसांवर आली होती. मी तिला भाजी निवडताना विचारलं, "माझ्याकडे असेल, त्याला काय?"

तिने डोळे मिटले. ओठ हलले. बोट हवेत पुढे पुढे सरकलं आणि थांबलं. "वकील कोट घेऊन गेला," ती म्हणाली.

"कोट जाऊ दे. शब्द?"

"त्याच्याबरोबरच गेला गं."

मी दुसरं विचारलं, तिसरं विचारलं. जो कपडा दुकानात होता त्याचा शब्द येत होता. जो गिऱ्हाइकाने नेला त्याच्या जागी नुसता हँगर. आणि लग्नसराईचे कपडे सगळे नेमके त्याच आठवड्यात गेलेले. मागचा काळ जवळजवळ सगळा, पुढचा तर पूर्णच. मी म्हटलं, आपण परत पाठ करू, तोंडाने. आम्ही बसलो. ती म्हणायची आणि तेवढ्यात तिला कोटच दिसायचा, त्याचं अस्तर, त्याची बटणं, आणि त्यात चिठ्ठी काही दिसायची नाही. शेवटी ती भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "माझं डोकंच इस्त्री झालंय. घडी नाही की काही नाही."

परीक्षेला मी बरोबर गेले. मधली भिंत छतापर्यंत नव्हती, त्यामुळे बाकावर बसून सगळं ऐकू येत होतं. परीक्षक बाईंचा आवाज मऊ, आणि दर उत्तराला 'मुय बिएन', म्हणजे छान. बरोबर आलं तरी मुय बिएन, चुकलं तरी मुय बिएन, एकाच चालीत, दवाखान्यात नंबर पुकारतात तसं.

"मुलं किती तुम्हाला?"

"तेंगो उना इखा." मला एक मुलगी आहे. खणखणीत.

"मुय बिएन. आणि तिला?"

"तिएने दोस." दोन आहेत.

"मुय बिएन. मुलगी लहान होती तेव्हा तुमच्याकडे काय काय होतं? घर कसं होतं?"

मग आत्या पुटपुटायला लागली. तेंगो, तिएनेस, तिएने.

"सगळं नको, सिन्योरा. एकच."

पण तिला मधूनच उतरता येत नव्हतं. तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. जिथे कालचं सुरू व्हायला हवं तिथे ती थांबली. परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथेच थांबली. माझ्या तोंडात तो शब्द होता. मी ओढणीचं टोक दातात धरलं.

"बरं. तिकडे गेल्यावर तुमच्याकडे काय काम असेल?"

"नो तेंगो," आत्या म्हणाली. माझ्याकडे नाही.

"काम नाही?"

"उद्याचं नो तेंगो. कालचं नो तेंगो." कालचं आणि उद्याचं तिने मराठीतच म्हटलं. मग जे होतं ते तिने सगळं काढलं, तुटक तुटक, दम घेत. माझ्या मुलीकडे झोप नाही. माझ्या मुलीकडे माणूस नाही. माझ्याकडे भीती आहे. माझ्याकडे हात आहेत, दोन. पोरांकडे भूक आहे. आहे, आहे, नाही, आहे.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. परीक्षक बाई म्हणाल्या, "मुय बिएन, सिन्योरा." याच वेळी फक्त ते वेगळ्या चालीत आलं. त्यांनी दारापर्यंत येऊन मला सांगितलं, उच्चार छान आहेत, समजतंही, पण एकाच काळावर पास करता येत नाही, त्यांच्या हातात नाही. पुढच्या वर्षी जरूर बसा.

आत्याने अर्ध्या दिवसाचीच रजा घेतली होती, म्हणून आम्ही सरळ दुकानात गेलो. मालकाने तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच नुसता "बाई," एवढंच म्हणून थांबला. ती इस्त्रीपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, रात्रपाळी करून नुकतीच घरी पोचलेली.

"आई, काय झालं?"

"पोरं उठली का?"

"झोपलीयेत. म्हातारी आत्ताच तिच्या घरी गेली. तू आधी सांग ना."

"सांगते. बूट काढलेस का?"

"काढले."

"पड जरा. पाठ टेक."

"टेकली. सांग आता."

आत्याने फोन कानाला घट्ट धरला. तिने पदराने ओठ पुसले. मनात वाक्य जुळवत होती. "अगं, त्या बाई तशा चांगल्या होत्या," तिने सुरुवात केली.

पलीकडून नुसता श्वास, लांब लांब होत गेलेला. ताईला झोप लागली होती.

आणि मग एक पोर रडायला लागलं. त्याच्या आवाजाने दुसरं. आत्याने फोन स्पीकरवर टाकला आणि इस्त्रीच्या फळीवर ठेवला. दोन्ही पोरं दुकानभर रडत होती.

"उठव ना तिला," मी म्हटलं. "हाक मार जोरात."

"रात्रभर उभी होती ती." आत्या फोनवर वाकली. हळूच म्हणाली, "अगं ए." मग त्याहून हळू, "अगं ऊठ." मग तेही थांबवलं.

काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मालक आत डोकावला, आवाज ऐकला आणि स्वतःच साखळीचं बटण दाबायला गेला. आत्याने हात वर केला, घरघर नको म्हणून. तो थांबला.

तिने तोंड अगदी फोनला लावलं.

"आले हं," ती म्हणाली. "आले बाळा, आले आले. ही बघ आले."

एक पोर गप्प झालं. दुसरं रडतच राहिलं.