‘मुलांची गाणी’ लिहिलेली कॅसेट

रुग्णालयाच्या शिवणखोलीत चादरी आणि उशांचे अभ्रे दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे रीळताई म्हणायचे. दिवसभर दोऱ्याची रिळं, सुट्टीला सिनेमाची. जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं तिला भारी वेड. त्यातही वर एक लिहिलेलं आणि आत भलतंच, अशी कॅसेट हाती लागली की स्वारी खूश. ‘व्यायामाचे धडे’ म्हणून आणलेल्या कॅसेटीत एकदा दीपगृहाच्या रखवालदाराचा सिनेमा निघाला. भाषेतलं एक अक्षर कळलं नाही, पण शेवटी ती ढसाढसा रडली.

“लोक कचरा टाकतात आणि तू वेचून घरात आणतेस,” तिच्याजवळ राहणारी धाकटी बहीण म्हणायची.

या कॅसेटी मिळायच्या बाजाराच्या इमारतीखालच्या तळघरात. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानदाराला ती भाऊ म्हणायची. तोही भावाच्या मायेने विचित्र कॅसेटी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा.

एका दुपारी तिने ‘मुलांची गाणी’ लिहिलेली कॅसेट लावली. गाणी कुठली! स्टेशनवरच्या बाकड्यावर एक बाई कुणाची तरी वाट बघत बसली होती. रीळताई रंगून गेली, तोच पडद्यावर मुंग्या आल्या, आणि अंधारात बॅटरीचा झोत एका खांबावर पडला.

“तळघरातला मधला खांब,” कॅमेऱ्यामागून एक माणूस बोलत होता. “तडा बोटभर रुंद झालाय. त्यावर ही काचेची पट्टी चिकटवतोय. काच फुटली, तर खांब अजून सरकतोय असं समजा. मालकांना सांगून थकलो.”

“बंद कर ते आधी!” दुसरा आवाज खेकसला.

पुन्हा स्टेशन आलं. बाकडं रिकामं होतं.

रीळताईने कॅसेट मागे नेली. खांबामागच्या भिंतीला हिरव्या टाइल्स होत्या, पानांच्या नक्षीच्या. भाऊच्या दुकानातली भिंत अगदी अशीच होती.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधीच ती तळघरात हजर.

“ताई, सिनेमे जरा कमी बघत जा,” सगळं ऐकून भाऊ हसला.

“भाऊ, तो मधला रॅक सरकवा म्हणते ना!”

रॅकमागे खांबाला झाकणारी, रंगवलेल्या फळ्यांची चौकट होती. भाऊने कुरकुरत एक फळी उचकटली. काच जागेवरच होती, दोन तुकडे होऊन. तड्यात भाऊचा सबंध पंजा गेला. हात बाहेर काढताना त्याच्या तोंडावरचं हसू पार मावळलं होतं.

त्याने त्याच दिवशी गाशा गुंडाळला. रीळताई वरच्या दुकानांतून दारोदार फिरली. चपलांच्या दुकानदाराने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “ऐन गिऱ्हाइकीत दुकान बंद ठेवू?” मालक तर जळफळतच आला. “इतकी वर्षं उभी आहे इमारत. आजच पडणार होय?”

तिने कॅसेट पालिकेच्या तपासनिसांना दाखवली तेव्हा कुठे इमारतीला सील लागलं. रीळताईचा जीव भांड्यात पडला. पण थोड्याच दिवसांत खांबाभोवती चार लोखंडी टेकू उभे राहिले, भिंतींना नवा रंग चढला आणि सील निघालं. खांब कुणी तपासला, हे विचारत भाऊने कचेरीचे उंबरठे झिजवले. कुणी दाद दिली नाही.

मग त्याने समोरच्या फुटपाथवर हातगाडी लावली. आत जाणाऱ्यांना तो बजावायचा, “तळघरातला खांब गेलाय हो!” धंदा बुडाला म्हणून डोकं फिरलंय, असं लोक म्हणायचे. सुटी झाली की रीळताई त्याच्याजवळ येऊन बसायची. कॅसेटी चाळायची, पण मन लागायचं नाही. एखादा ट्रक गेला की समोरच्या खिडक्या थरथरायच्या आणि दोघं माना वर करून इमारतीकडे बघायचे.

एका संध्याकाळी इमारतीच्या दारातून धाकटी बहीण बाहेर आली. काखेत चपलांचा खोका.

“अगं, सगळेच जातात की,” ती हसत म्हणाली. “काही होत नाही.”

रीळताईने तिचं मनगट घट्ट धरलं. घर येईपर्यंत सोडलं नाही.