दरवेळी नवी पुतळाबाई

डोकमर्डीला आमच्या शेजारी राहणारी पुतळाबाई धुळ्याकडची. सिल्वासात आली तेव्हापासून ती एकाच यंत्रावर प्लास्टिकच्या बाटल्या काढत होती, आणि कागदावर कायम नवीनच होती. नव्या कारखान्याला करसवलत मिळे, म्हणून भावेशशेठ दर थोड्या वर्षांनी कारखान्याची पाटी बदलत. पाटी बदलली की हिची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. कागदावर शेठचे तीन कारखाने होते, कामगार मात्र एकाचेच. तपासणीचे साहेब आले की त्याच बाया टेंपोत घालून गलोंड्याच्या कारखान्यातून दादऱ्याच्या कारखान्यात न्यायच्या, डोक्यावरचे रुमाल बदलायचे. साहेब पाकीट घेत आणि सही करून निघून जात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्र्याण्णव साली स्वीडनची एक कंपनी शेठशी भागीदारी करायला आली. भागीदारी झाली की सगळ्या बाया कायम होणार होत्या. पुतळाबाई हरखून गेली होती. आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

कंपनीकडून कारखाने बघायला पाहुणे आले, त्यांत एक स्वीडिश बाई होत्या. गलोंड्याला तिनंच त्या पाहुण्या बाईंना कुंकू लावलं. पाहुणे जेवायला बसले तोवर बाया दादऱ्याला पोचल्या, निळे रुमाल जाऊन पिवळे आले. मान वर करायची नाही, असं शेठनं बजावलं होतं.

पण जेवून पाहुणे दादऱ्याला आले, तर पाहुणीचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. लेकीसुनांच्या कपाळाची अशी दशा पुतळाबाईला कुठली बघवायला? ती उठली, पदरानं ते टिपलं आणि म्हणाली, "बाई, कुंकू पुसाई गयं तुमनं."

बाईंनी तिचा हात धरला. तिच्याकडे बघितलं. मग रांगेतल्या एकेका बाईच्या तोंडाकडे बघत गेल्या. संध्याकाळी त्यांची गाडी वापीच्या रस्त्याला लागली, ती परत आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनं पुतळाबाईला काढून टाकलं. तुझ्या कुंकवानं कंपनी घालवली, म्हणाला. पाकिटांचं नाव कुणी काढलं नाही. माझं डोकं फिरलं. मी तावातावानं तिच्या घरी गेलो, तर ती उंबऱ्यात सुन्न बसलेली.

"भाऊ," ती म्हणाली, "इतला साल सायेब येतस, एकनीबी माले वळखं नई. त्या बाईनी कसं वळखं?"

मी म्हटलं, "तिनं तुझ्याकडे बघितलं, पुतळाबाई."

हे तिला काही केल्या खरं वाटेना.