मागच्या रेषेवर कोण होतं

नाना गेल्याचं मला नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कळलं. क्रेट उतरवणारा एकजण सहज बोलून गेला, “कळंबचं नाना मास्तर गेलं की, भाऊ. तुमचं त्यांचं जमत नव्हतं, नाय का?” नव्हतं जमत... वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांचा दुस्वास केला. नानाला कारण होतं, मला नव्हतं. हे आज, महिना उलटल्यावर लिहितो आहे.

नाना कळंबच्या शाळेत खेळ शिकवायचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. द्राक्षांचा हंगाम संपला की नारायणगावातलं एक पॅकिंग शेड रिकामं व्हायचं, तिथं चुन्याच्या रेषा मारून आम्ही बॅडमिंटन खेळायचो. दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची, आज या शहरात तर उद्या त्या. तिचा सगळा इतिहास नानाला तोंडपाठ. पहिली कुठं झाली, कुठल्या साली छत गळून अंतिम सामना थांबला, कुठला इंडोनेशियाचा खेळाडू ताप असताना जिंकला. शेडमध्ये कुणीतरी विचारायचंच, “मास्तर, सोताच्या लग्नाचं साल तरी ध्यानात हाय का?” तो म्हणायचा, “त्या साली स्पर्धा झाली न्हाई. म्हणून तर सवड गावली!”

नव्वदच्या दशकात परीक्षा देऊन आम्ही दोघं रेषापंच झालो, आणि ती स्पर्धा पुण्यात आली तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. उपांत्य सामन्याला, कुणी कुठं बसायचं त्या तक्त्यावर, नानाकडे मागची रेषा होती, माझ्याकडे त्याच कोपऱ्यातली बाजूची. महाळुंगे पडवळहून माझी माणसं दोन जिपा भरून आलेली, आणि मागच्या रेषेची खुर्ची बरोबर त्यांच्यासमोर. मी म्हणालो, “नाना, मला तिकडं बसू दे ना.” जीपमध्ये आपण पाहुण्याला खिडकी देतो, तसंच. “बस जा, राव,” तो म्हणाला. तक्त्यावर नावं बदलून घ्यायला हवीत, हे दोघांनाही सुचलं नाही.

तिसऱ्या गेममध्ये वरून कुणीतरी माझ्या नावानं आरोळी ठोकली. मी वर पाहिलं, आणि तेवढ्यात शटल माझ्या पुढ्यात पडलं. दिसलं नाही तर रेषापंचानं दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, म्हणजे मुख्य पंच निर्णय देतो. एवढी साधी खूण. पण दोन जिपा माणसांसमोर डोळे झाकू? मी रेषेकडे हात करून ‘आत’ दाखवलं. शटल चार बोटं बाहेर पडलं होतं, हे मला नंतर कळलं. ज्याचा गुण गेला तो खेळाडू तिथून ढासळला, हरला.

संध्याकाळी चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी तक्ता पाहिला आणि नानाला झापलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत बसलो... ती सुटलेलीच नव्हती.

त्याला पुन्हा कधीच बोलावलं नाही. मी मात्र कोट घालून, बिल्ला लावून जात राहिलो. गावात त्याला ‘आंधळा मास्तर’ म्हणायला लागले, त्या हसण्यात एकदा मीही होतो. त्यानं घराबाहेर कुणाला काही सांगितलं नाही, आणि खुर्चीत मला पाहिलेली माझी माणसं माझ्यासाठी बोलली नाहीत. मला एकदाच, नारायणगावच्या स्टँडवर म्हणाला, “तू बोलशील म्हनून मी गप व्हतो.” पुढं फक्त टोमणे. लग्नाच्या मांडवात मी दिसलो की मोठ्यानं ओरडायचा, “अरे, पावण्यांना खुर्ची द्या! दुसऱ्याची द्या, तीच त्यांना लई आवडती!” लोक नुसतेच हसायचे. मला संताप यायचा. ज्याचं आपण वाटोळं केलं त्यानं निदान तोंड बंद ठेवावं, अशी माझी अपेक्षा होती.

दहावा झाल्यावर कळंबला गेलो. वहिनींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. एक जाड वही पुढ्यात टाकली. नानानं लिहिलेला स्पर्धेचा इतिहास, सालवार, त्याच्या आजारपणापर्यंतचा. त्या सालाच्या पानावर होतं, ‘उपांत्य सामना. मागच्या रेषेवर चुकीचा निर्णय.’ आणि पुढं रेषापंच म्हणून नानानं स्वतःचंच नाव लिहिलेलं.

“हे खरं नाही, वहिनी.” मी खिशातलं पेन काढलं.

“खरं काय ते मला ठावं हाय. तक्त्यावर व्हतं तेच ल्ह्यायचं, म्हनायचे. त्यांच्या वहीत खाडाखोड न्हाई करायची, भाऊजी. तुमच्या कागदावर करा. चार लोक वाचत्याल असा कागद करा.”

म्हणून हा कागद. त्या दिवशी मागच्या रेषेवर मी होतो, नाना नव्हता.

वही त्यांच्या टीव्हीखालच्या फळीवर आहे. तिच्यात त्याचंच नाव आहे, त्याच्याच अक्षरात.