त्यांच्या जागेवर बसलेला

त्या दिवशी मागच्या गार्डनमध्ये आम्ही तिघंच होतो. मी, माझी नात रिया, आणि कुंपणापलीकडचे म्हातारे गोरे शेजारी, त्यांना मी दादा म्हणायची.

इथं विलायतेत, आमच्या पिनरच्या बसमध्ये तुम्ही त्यांना पाहिलं असेल. सगळी बस रिकामी असली तरी उलट्या तोंडाच्या सीटवर बसायचे. मला उलटं बसलं की मळमळतं. मी म्हणायची, "दादा, इकडं या की." म्हणायचे, "मागं कोणीतरी बघायला हवं, आजी." माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण रिया म्हणते म्हणून तेही मला आजीच म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते बॉम्ब टाकायच्या विमानात होते. विमानात सात जण. ह्यांची जागा पार शेपटीत, तोंड मागं, हातात बंदूक. वय एकोणीस. एकदा कान दुखला म्हणून हे राहिले, दुसरा कोणी ह्यांच्या जागेवर बसून गेला. विमान परत आलंच नाही. समुद्रात पडलं म्हणतात.

बाकीच्या सहा जणांची नावं पाढ्यासारखी म्हणायचे. कोण शिट्टी वाजवायचा, कोणाच्या मोज्यांना वास यायचा, सगळं. शेवटी म्हणायचे, "आणि तो दुसरा." तेवढंच. चाळीस वर्षं ऐकलं मी. वाटायचं, नाव विसरले असतील.

तर त्या दिवशी सर्वपित्री होती. पाखरांना दाणे ठेवायच्या टेबलावर मी पान ठेवत होते. इथला कावळा कुठला शिवायला, खारच वडा पळवते. रिया खिरीची वाटी धरून उभी. दादांनी कुंपणावरनं विचारलं, "आज कोणाचं जेवण?"

"ज्यांचा दिवस ठाऊक नाही, त्यांचं सगळ्यांचं."

"माझ्या त्या दुसऱ्याला चालेल?"

"न चालायला काय झालं?" मी वेगळा घास काढला आणि सवयीनं विचारून बसले, "नाव काय त्याचं?" आपल्यात नाव घेऊन ठेवतात ना.

त्यांचं तोंड उतरलं. काठी टेकत आत गेले, दार लावलं. घास माझ्या हातात तसाच.

"आजी, तू का विचारली?" रिया तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "ती नाव तर ऑनलाइन असेल."

आठ दिवस कुंपणाशी आले नाहीत. मग मीच वरणभात घेऊन गेले. तेव्हा बोलले. नाव विसरले नव्हतेच. कधी कोणाला विचारलंच नव्हतं.

"नाव कळलं की त्याला आई पण असणार, आजी."

मग म्हणाले, "कान फार दुखत नव्हता. डॉक्टरनं विचारलं, जाशील का? मी नाही म्हटलं. भ्यालो होतो."

मी भात कालवून पुढं केला. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "रियाला बोलव. मला आता घाई आहे."

बाकीच्या सहा नावांवरून रियानं फोनवर शोधलं. पाच मिनिटं लागली. ऐंशी वर्षं ज्या नावाला भ्याले, ते पाच मिनिटांत. तिनं वाचलं, "आर्थर. एज नाईन्टीन. ओन्ली सन." पुढं आडनाव होतं, ते मला नीट लिहिता येत नाही.

दादांनी चष्मा काढला. "आर्थर," म्हणाले. परत एकदा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "त्याच्या माणसांना सांगायला हवं. कानाचं."

रियानं दोन-तीन ठिकाणी लिहिलं. उत्तर नाही आलं. थंडीत दादा गेले. हॉस्पिटलात नर्सला सातही नावं सांगायचे, आर्थर पहिला. आता त्यांच्या घरात दुसरी माणसं आलीत. चांगली आहेत.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं. तुमच्या शेजारात, कामावर, कोणा गोऱ्या माणसाच्या घरी विमानाबरोबर गेलेल्या आर्थरचा फोटो असेल, तर त्यांना इंग्रजीत समजावून सांगा. ज्याच्या जागेवर तो बसला, तो माणूस पिनरला होता. त्याचा कान फार दुखत नव्हता. हे पण सांगा. गाळू नका, त्यांनीच सांगायला लावलंय.