पाचवी पिशवी

कोरियातल्या मोक्पोच्या बंदराजवळच्या आमच्या लहानशा इस्पितळात प्यो ओक-रिम बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरची नर्स होती. मी शेजारच्या रिकव्हरी वॉर्डात नर्स. ओक-रिमचं बोलणं तुटक, काम चोख. नवे डॉक्टरही तिला वचकून असत.

त्या मंगळवारी मा जोंग-सुक ही सुक्या मासळीचा गाळा चालवणारी बाई गर्भाशयातली गाठ काढायला आली. ऑपरेशन दुर्बिणीतून, पोटावर टाका नाही. टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, गाठ निघाली की दाखवा हं मला. चार वर्षं फुकट पोसलंय मेलीला."

"आधी गप पडा, मग दाखवते," ओक-रिम म्हणाली. पण हसली.

गाठ अपेक्षेपेक्षा मोठी निघाली. गर्भाशय फुगवून ठेवायला आत सलाईन सोडतात. एकामागून एक पिशव्या रिकाम्या होत होत्या. पाचवी लावताना नळीचा चाप बंद करायला ओक-रिमला क्षणभर उशीर झाला. बोटभर हवा नळीतून पुढे सरकताना तिने पाहिली. तेवढ्यात भूलतज्ज्ञ ओरडले, "थांबा! श्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम पडलाय!"

कापलेल्या शिरांतून हवा रक्तात शिरून हृदयापर्यंत गेली होती. दुर्बीण काढली, टेबल सपाट केलं, पाळीपाळीने छाती दाबली. ठोके परत आले. शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सर्जन ओक-रिमला म्हणाले, "गाठ विजेच्या तारेने जाळून कापतानाही वायू तयार होतो. नेमकं कशाने झालं, कुणीच सांगू शकणार नाही. उगाच तोंड उघडू नका."

ते खोटं नव्हतं. मीही तिला तेच सांगितलं. तरी ती जोंग-सुकच्या नवऱ्याकडे, ग्वाक दोक-सूकडे गेली आणि नळीतल्या हवेबद्दल बोलली.

त्याने एवढंच विचारलं, "तिला काही कळलं का?"

"नाही. झोपेत होत्या."

"मग मला कशाला सांगितलंत? आता मला रोज तेच दिसणार."

चौकशीतून काहीच ठरलं नाही. ओक-रिमने स्वतःहून थिएटर सोडलं आणि ओपीडीच्या खिडकीवर बसू लागली. दुपारी आमच्यात जेवायला येईनाशी झाली.

पुढच्या हिवाळ्यात ग्वाक रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आला. ओक-रिमच्या खिडकीपुढे कुणी नव्हतं. तो शेजारच्या रांगेत, सहा माणसांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर येईपर्यंत ती समोरचे तेच कागद पुन्हा पुन्हा लावत राहिली.