सुखराम सॅक्सोफोनवाला आणि डोमाचा अल्बम

आमच्या सिहोऱ्यात सुखराम दिसला की कुत्रीसुद्धा वाट सोडतात. त्यांना वाटतं वरात आली. लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन फुंकता फुंकता त्याचे गाल बेडकासारखे झाले, पण गडी खूश होता. कारण एकच: दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत मिरवणुकीच्या सर्वांत पुढे तो असायचा.

मग डोमाने अल्बम काढला. डोमा सुखरामचाच चेला. नागपूरला गेला, तिथून पुण्याला, आणि क्युबातल्या आफ्रिकी ढोलांच्या तालावर जाझ वाजवू लागला. गावातल्या प्रत्येक मोबाइलवर डोमा! सुखरामच्या पोटात अशी आग लागली, की त्याच्या बायकोनं, शकुनबाईंनी, तिच्यावर भाकरी भाजून घ्याव्यात. अल्बम ऐकला का, असं बायकोनं विचारलं तर तो थुंकायचा. "ढोल लंगडते त्याचा. मी नाई आयकत असलं."

यंदा मंडईवाल्यांनी पुढे वाजवायला डोमालाच बोलावलं. सुखरामला निरोप आला, तुम्ही मागून वाजवा. त्याने सॅक्सोफोन घरीच ठेवला आणि इस्त्रीचा सदरा घालून निघाला, डोमाची फजिती पाहायला.

फजिती झालीही. डोमाने अल्बममधला तो ताल धरला आणि मिरवणूक अडखळली. पाय टाकावा तिथे ठोका नाही, ठोका येतो तेव्हा पाय हवेत. दंडारीत नाचून मुरलेले गडी एकमेकांच्या टाचा तुडवू लागले. सुखराम मागून गालात हसत मजेत चालला होता.

मजेत चालला होता, हीच तर गोम. शकुनबाईंनी खाली पाहिलं आणि चारचौघींत विचारलं, "आयकत नाई म्हनता, मंग तुमचेच पाय काहून बरोबर पडून राह्यले?"

सगळे वळले. पाय नेमके ठोक्यावर! अख्खा अल्बम पाठ होता पठ्ठ्याला. घरातल्या धान साठवायच्या ढोलीमागे लपून ऐकायचा, हे मला आधीच ठाऊक होतं; पण मी कुणाच्या चुगल्या करत नाही.

डोमाने वाजवणं थांबवलं, येऊन पाया पडला. "दादा, तुमी समोर चाला. लोक तुमचे पाय पाहून येतीन."

अशी सुखरामला पुढची जागा मिळाली. हात रिकामे, मागे डोमाचा सॅक्सोफोन, आणि अख्खी मंडई त्याच्या पावलावर पाऊल टाकत नाचत आली. जो तो म्हणत होता, काय वाजवते डोमा! मी सुखरामचा चेहरा पाहिला. एक पाऊल मुद्दाम चुकवावं, असं त्याच्या फार मनात होतं. चुकवता आलं नाही.