मोटारीच्या खोलीतले हसू

काकाचा हात आधी यायचा आणि आवाज मागून. 'अबे' हा शब्द कानावर पडेपर्यंत गालावर बोटे उमटलेली असायची. वाशीमच्या वेशीबाहेर आमची बागायत होती. वांगी, मेथी, कांदा, मुळा. त्या मळ्यात काकाचा मार न खाल्लेले फारसे काही नव्हते. बैल, कुत्री, सुरू होण्यास नकार देणारी विहिरीवरची मोटार, माझे चुलतभाऊ आणि मी. एकदा बाजारात एका अडत्याने आमची वांगी पायाने सरकवून पाहिली, तर काकाने त्याला मुळ्याच्या जुडीने झोडपले. मुळे तुटत गेले, तशी तो नवी जुडी उचलत गेला. "मुळे सरले मनून सुटला," घरी आल्यावर तो म्हणाला. "गाजरं असते तं मेला असता."

आणि या माणसाला कॉलेजच्या पोरांचे विनोदी चित्रपट जिवापाड आवडत. वसतिगृहातली तीन-चार टारगट मुले, छळले जाणारे प्राचार्य, सतत पडणारा एक जाड्या मित्र आणि शेवटी सगळे पास. काका स्वतः चौथीत शाळा सोडून आलेला. कॉलेज म्हणजे काय, हे त्याने पडद्यावरच पाहिले आणि तेवढेच खरे मानले. मी पुढे खरोखरच कॉलेजात गेलो, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "प्रिन्सिपलाले तलावात कधी ढकलता बे तुमी?"

बंद पडलेल्या एका व्हिडिओ सेंटरचा व्हीसीआर आणि तीन कॅसेटी त्याने कुठूनशा मिळवल्या होत्या. ते यंत्र घरात ठेवता आले असते. पण गावातली वीज दिवसभर जाई आणि शेतातल्या मोटारीची लाइन दुपारी हमखास असे. म्हणून आमचे चित्रपटगृह मोटारीच्या खोलीत भरले. खाली ओल्या पोत्यांवर आम्ही, कोपऱ्यात गरगरणारी मोटार, स्टार्टरच्या पेटीवर टीव्ही. मोटारीच्या घरघरीवर मात करायची म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला. काका दाराशी बसे आणि पडद्यापेक्षा जास्त आमच्याकडे पाही. "हसा ना बे. मयतीत बसल्यावानी कायले बसले?" जो हसला नाही, त्याला एक बसे. त्यामुळे आम्ही लवकर हसायला शिकलो. विनोद घडायच्या जरा आधीच हसू तोंडात तयार ठेवायचे, हे मी तेव्हा शिकलो.

तिन्ही कॅसेटींपैकी एक त्याची सर्वांत लाडकी होती. तीत सहलीचा प्रसंग आहे. नायिका नायकाला काहीतरी टोचून बोलते, नायक तिच्या थोबाडीत मारतो, आणि शेजारी उभा असलेला जाड्या मित्र घाबरून स्वतःचाच गाल धरतो. खोली दणाणून जाई. काकाही आपला गाल धरून तसाच डोळे वटारी, आणि आम्ही पोत्यांवर लोळत असू. काकू दाराबाहेर मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असे. तो प्रसंग जवळ आला की ती उठून विहिरीकडे जाई. तिला चित्रपटाचे वेड नाही, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला होता.

अडचण अशी होती की, ज्या वेळी टीव्ही चाले त्याच वेळी पाणीही चाले. एके दुपारी काकाने सगळ्यांनाच आत बोलावून घेतले. वाफ्यांवर कुणीही उरले नाही. चित्रपट रंगात असताना पाण्याचा दांड फुटला आणि कांद्याचे सारे रोप वाहून गेले. काकाने मोटार बंद केली, कोपऱ्यातली रबरी नळी उचलली आणि आम्हाला एकेक करून बाहेर काढले. ओली नळी अंगावर पडते तेव्हा आधी फक्त गार लागते. पेटते ते नंतर. मग तो काकूकडे वळला. "तू तं उठतच असतं मंधात. मंग पाण्याकडे काहून नाही पाह्यलं?" तिने हात आडवा धरला, आणि त्या हाताचे मनगट मोडले. हाड बसवणाऱ्याने ते वाकडेच बसवले. तेव्हापासून ती जुडीची गाठ डाव्या हाताने आणि दातांनी बांधू लागली.

त्याच संध्याकाळी काकाने कॅसेट मागे फिरवली आणि आम्हाला पुन्हा पोत्यांवर बसवले. "राह्यला तेवढा पाहून घ्या. अर्धा पिक्चर सोडू नाही." पाठी भिंतीला टेकवता येत नव्हत्या. तरी आम्ही हसलो, आणि ते हसू खोटे नव्हते, हे आज मला सांगायला हवे.

माझे वडील गेले तेव्हा मी बारावीत होतो. घरात सुतक, चुलीवर काही शिजत नव्हते, आणि मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. काकाने मला दंडाला धरून मळ्यात नेले, मोटार सुरू केली आणि चित्रपट लावला. नातेवाइकांनी त्याबद्दल त्याला पुढे कित्येक वर्षे नावे ठेवली. जाड्या मित्र तलावात पडला, आणि मी हसता हसता रडू लागलो. काकाने त्या दिवशी मला मारले नाही. माझ्या डोक्यावर आपला जड हात ठेवून तो एवढेच म्हणाला, "बाप मेला दिन्या. तू नाही मेला." त्या वेळी त्या खोलीत कुणी मला सावरले नसते, तर माझे काय झाले असते हे मला ठाऊक नाही.

काकू साठी ओलांडल्यावर त्याला सोडून आली. तिची मुले पुण्याला स्थिरावली होती. एका सकाळी भाजीच्या ऑटोतून ती वाशीमला आमच्या दारात उतरली. हातात कपड्यांची पिशवी होती. "दिनू, मी आता इथंच राहीन. भाजी निवडून देत जाईन." मी काय झाले ते विचारले. "त्यानं लोटा फेकून मारला. नेम चुकला त्याचा. मनलं, माणूस म्हातारा झाला, आता सोडाले हरकत नाही." माझी पत्नी हसली. काकूही हसली. तिने आमचेच घर का निवडले, हेही तिने त्या दिवशी सांगितले. "तुया घरात आवाज नाही रे." मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला. मी जन्मात कुणावर हात उचललेला नाही, आणि तेवढ्याच भांडवलावर मी स्वतःला भला माणूस समजत आलो होतो.

काका मळ्यात एकटा राहिला. मी दर रविवारी जात असे. त्याची नजर अधू झाली, खांदा धरला, आवाज तेवढा शिल्लक होता. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "तिले एक डाव घेऊन ये. मारत नाही मनाव आता, हातच वर होत नाही. आपला तो पिक्चर लावू." मी निरोप दिला. काकूने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. मग म्हणाली, "तू संग बसशीन तं येतो."

मी तो चित्रपट आदल्या दिवशी घरी एकट्याने पाहिला. आता तो फोनवर सहज मिळतो. पोरे म्हणून वावरणारे ते नट तिशीपुढचे होते. मुलीचा पाठलाग हा विनोद होता, चपराशाच्या टकलावर मारलेली टपली हा विनोद होता, जाड्याची उपासमार हा विनोद होता. सहलीचा प्रसंग येण्याआधीच मी तो बंद केला. उद्या तेवढा भाग पळवून टाकायचा, असे मी मनाशी पक्के ठरवले.

मळ्यात टीव्ही अंगणातल्या बाजेसमोर ठेवला आणि फोन त्याला जोडला. काका मध्ये, काकू त्याच्यापासून हातभर दूर, मी कडेला. सुरुवातीची पंधरा मिनिटे सुखाची गेली. काकूला प्राचार्यांची गंमत वाटली. "हा तं आपल्या गावच्या पोस्टमनावानी दिसते," ती म्हणाली, आणि काका खोकला येईपर्यंत हसला. मीही हसत होतो. इतका रमलो की, सहलीची गाडी सुटली तरी माझा हात फोनकडे गेला नाही. पडद्यावर थप्पड बसली. जाड्याने गाल धरला. आणि अंगणात एकच माणूस मोठ्याने हसला.

काका हसला नव्हता. तो मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहत होता. "बंद कर बे," तो हळू म्हणाला.

"चालू दे," काकू म्हणाली. ती पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. "पाहू दे त्याले. अर्धा सोडू नाही."

आम्ही शेवटपर्यंत बसलो. निघताना काकाने तिला मेथीची जुडी दिली, त्याच्या हाताने बांधलेली, ढिली. ती तिने घेतली. परतताना मोटारसायकलवर मी माझी बाजू मांडू लागलो. मी जाड्याला हसलो, थपडेला नाही, असे काहीतरी. तिने ऐकून घेतले. बायपासच्या वळणावर म्हणाली, "तुया काकाचंच हसू हाय रे ते. डिट्टो." घरी आल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. इतक्या वर्षांत त्या खोलीची कडी मी कधी ऐकली नव्हती; त्या रात्रीपासून ती रोज ऐकू येऊ लागली.

काका उन्हाळ्यात गेला. मीच अग्नी दिला. मुले पोहोचायला उशीर झाला. तेराव्यापर्यंत काकू मळ्यात राहिली, आल्या-गेल्याचे सगळे केले, आणि मग माझ्यामागे मोटारसायकलवर बसून वाशीमला परतली. हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लावून ती खोलीत गेली. मी ओसरीत उभा होतो. तिला मारणारा माणूस आता जगात नव्हता; आज कडी लागणार नाही, असे मला वाटले होते.

कडी लागली.